धुराडं आधी, कपाट नंतर

वाचकांचे प्रश्न : घरातलं लाकूडकाम

छोटा फ्रिज कोपऱ्यात सहज मावतो. मग वर्षभरात त्याच्या डोक्यावर बिस्किटांचे डबे, कांद्याची टोपली, औषधांची पिशवी असा डोंगर चढतो आणि कुणाला तरी सुचतं की याच्याभोवती एक कपाटच करून टाकू. या वेळची बहुतेक पत्रं त्याचीच आहेत.

प्रश्न : एका खोलीचं घर आहे. फ्रिज ५० लिटरचा, रुंदी ४८, दारासकट जाडी ४५ आणि उंची ५० सें.मी. खाली ड्रॉवर, मध्ये फ्रिज, वर दोन दारांचं कपाट असं एकच उभं युनिट हवंय. सुतार म्हणतो, ‘चहूबाजूंनी एक इंच सोडू, खूप झालं.’ मापं आणि प्लायचा हिशेब सांगाल का?
— डोंबिवली

उत्तर : एक इंचात भागणार नाही. फ्रिज आतल्या वस्तूंची उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि काँप्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिसळते. ही गरम हवा फ्रिजभोवतीच कोंडली तर काँप्रेसरला तीच उष्णता पुन्हा पुन्हा ढकलावी लागते. तो थांबत नाही, बिल वाढतं आणि दूध तरीही नासतं. म्हणून फ्रिजसोबत आलेली पुस्तिका आधी शोधा आणि तिच्यात मोकळ्या जागेचे आकडे असतील तर तेच धरा. पुस्तिका हरवली असेल तर दोन्ही बाजूंना ५-५ सें.मी., मागे १० आणि वर १० धरून चाला. खालची मापं याच हिशेबाने काढली आहेत.

नुसती जागा सोडूनही पुरत नाही, हवेला वाट लागते. गरम हवा वर जाते. खालून थंड हवा आत यायला आणि वरून गरम हवा बाहेर पडायला रस्ता ठेवला, तर कपाटाची मागची बाजू धुराड्यासारखं काम करते आणि पंख्याची गरज पडत नाही. खालचं तोंड आणि वरचं तोंड, प्रत्येकी कमीत कमी २०० चौ. सें.मी. मोकळं असावं.

युनिटची बाहेरची मापं : रुंदी ६२, उंची १६०, जाडी ५० सें.मी. उंचीची वाटणी खालून वर अशी : जाळीचा पाया १०, तळफळी २, ड्रॉवरची जागा २५, फ्रिजची फळी २, फ्रिजचा कप्पा ६०, वरच्या कपाटाची तळफळी २, कपाट ५७, माथा २. बेरीज १६०. फळीची जाडी २ सें.मी. धरली आहे, कारण १८ मिमी प्लायला दोन्ही बाजूंनी सनमायका चिकटवला की ती साधारण तेवढी होते. सुतार कपाटाच्या आत फक्त रंग देणार असेल तर जाडी बदलेल, आतली मापंही बदलतील. शिवाय एकाच बाजूला सनमायका लावलेलं दार काही महिन्यांत बाक धरतं, म्हणून आतून निदान लायनर, म्हणजे आतल्या बाजूचा पातळ सनमायका, लावायलाच सांगा.

आडव्या चारही फळ्या ५८ बाय ४१ च्या. बाजूच्या फळ्या ५० रुंद आणि आडव्या ४१, म्हणजे मागे भिंतीलगत ९ सें.मी.ची फट खालपासून वरपर्यंत सलग राहते. हेच धुराडं. वरच्या कपाटाला पाठ असतेच, पण ती ४१ वर लावायची, भिंतीलगत नाही. फ्रिजच्या कप्प्याला आणि ड्रॉवरच्या मागे पाठ अजिबात नको. माथ्याच्या मागची फट उघडी ठेवा. तिथे सामान रचलं किंवा वर पोटमाळ्यापर्यंत शोभेची पट्टी मारली की सगळी मेहनत वाया.

४१ हा आकडा आमच्या लहरीतून आलेला नाही. ८ बाय ४ ची शीट २४४ बाय १२२ सें.मी. असते. तिच्या लांबीत १६० ची बाजू आणि पुढे ४२ च्या दोन फळ्या कागदावर नेमक्या बसतात, प्रत्यक्षात बसत नाहीत. कारण करवतीचं पातं दर कापाला एक सूत, म्हणजे ३ मिमी किंवा थोडं जास्त खातं. ४१ केलं की कडा साफ करायलाही सेंटिमीटरभर उरतं. कापणी अशी सांगा : शीटच्या एका टोकाला १६० बाय ५० च्या दोन बाजू शेजारी-शेजारी. उरलेल्या साधारण ८३ बाय १२२ च्या तुकड्यातून ५८ बाय ४१ च्या चार फळ्या. बाजूंच्या कडेला २१ सें.मी.ची लांब पट्टी उरते, तिच्यातून ५८ बाय १० चे चार तुकडे. त्यातले दोन युनिटच्या मागच्या आडव्या दांड्या, एक वरच्या कपाटामागे आणि एक ड्रॉवरच्या मागे. तिसरा ४१ वर कापून उभा चिरायचा आणि फ्रिजच्या फळीखाली दोन्ही बाजूंना आधारपट्ट्या म्हणून मारायचा. चौथा राखीव.

दुसरी शीट ६ बाय ३ ची पुरते. दारं दोन, प्रत्येकी ६०.७ बाय ३०.७, आणि ड्रॉवरचं तोंड ६१.६ बाय २८.७. ही तिन्ही एकाच पट्ट्यात वरखाली कापली तर सनमायक्याची रेघ दारांवरून ड्रॉवरपर्यंत सलग उतरते. उरलेल्या भागात वरच्या कपाटाची सरकती फळी (५७.८ बाय ३८) आणि ड्रॉवरचे चार तुकडे बसतात : ४० बाय १८ चे दोन, ५१.८ बाय १८ चे दोन. हे तुकडे आतून-बाहेरून नुसते पॉलिश करायचे, सनमायका नको, नाहीतर ड्रॉवर रुंद होऊन चॅनेलमध्ये, म्हणजे तो ज्या धातूच्या पट्ट्यांवर सरकतो त्यांच्यात, अडेल. टेलिस्कोपिक चॅनेलला दर बाजूला अर्धा इंच लागतो, म्हणून ५८ च्या जागेत ड्रॉवर बाहेरून ५५.४ चा असतो. चॅनेल १६ इंची, एक जोडी. ड्रॉवरचा तळ आणि वरच्या कपाटाची पाठ यासाठी ६ मिमी प्लायचा ४ बाय ३ फुटी तुकडा.

दारं बाजूच्या फळ्यांच्या कडा पूर्ण झाकणारी आहेत, तेव्हा बिजागऱ्या झीरो क्रँकच्या, म्हणजे सरळ दांडीच्या घ्या, दर दाराला दोन. दुकानात नुसतं ‘ऑटो हिंज’ म्हणाल तर ८ किंवा १६ क्रँकची हातात पडेल आणि दार बसणारच नाही. वाटीचं भोक ३५ मिमी. सनमायक्याच्या बाजूने भोक आरपार जाऊ नये म्हणून ड्रिलला १२ मिमीवर चिकटपट्टीची खूण करा.

जोडणीत एका गोष्टीकडे सुतारही कधीकधी दुर्लक्ष करतात. नेहमीच्या कपाटाला पाठीची प्लाय काटकोनात धरून ठेवते. इथे फक्त वरच्या भागाला पाठ आहे, त्यामुळे ढकललं की युनिट डावी-उजवीकडे डुलतं. मागच्या दोन दांड्या त्यासाठीच आहेत. त्या सरस लावून, प्रत्येक टोकाला दोन इंची दोन स्क्रूंनी बसवा आणि स्क्रू पूर्ण आवळण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजा. दोन कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर गुण्या कितीही बरोबर दाखवो, दारं एका रेषेत येणार नाहीत. वरची दांडी भिंतीला दोन रावळ प्लगने पक्की करा. उंच, अरुंद युनिट आहे. भरलेला ड्रॉवर आणि फ्रिजचं दार एकदम उघडलं तर ते पुढे झुकू शकतं.

भिंतीला टाइलचं स्कर्टिंग असतं. बाजूच्या फळ्यांना खाली मागच्या कोपऱ्यात त्याच्या मापाची खाच घ्या, नाहीतर युनिट भिंतीपासून सुटं राहील. फळ्यांच्या तळाशी नायलॉनचे बूच ठोका, म्हणजे फरशी पुसताना प्लायची कड पाणी पिणार नाही. पायाच्या पुढे ५८ बाय १० ची ॲल्युमिनियमची पट्ट्यांची जाळी. तिची निम्मी जागा मोकळी धरली तरी २९० चौ. सें.मी. मिळतात. बारीक डासजाळी आतून लावू नका, ती दोन महिन्यांत धुळीने बुजते.

फ्रिज ठेवताना त्याची पेटी फळीच्या पुढच्या कडेशी बरोबर येऊ द्या आणि दार पूर्ण बाहेर राहू द्या. पाणसळ लावून पुढचे पाय २-३ मिमी उचला, म्हणजे दार आपोआप मिटतं. १५ किलोचा फ्रिज आणि आतलं सामान मिळून ३० किलोच्या आसपास वजन होतं. आधारपट्ट्या असल्या की १८ मिमीची फळी ते आरामात पेलते.

प्रश्न : गेल्या वर्षी फ्रिजसाठी कपाट करून घेतलं, तिन्ही बाजू आणि माथा बंद. मार्चपासून फ्रिज थांबतच नाही. दोन्ही बाजूंना हात लावला तर चटका बसतो. गॅस कमी झाला असेल का? कपाट मोडावं लागेल का?
— नागपूर

उत्तर : मोडू नका, आणि गॅस भरणाऱ्यालाही एवढ्यात बोलावू नका. आधी फ्रिज ओढून बाहेर काढा आणि पाठ बघा. पाठीवर काळ्या तारांची जाळी दिसत नसेल तर उष्णता टाकणारी नळी फ्रिजच्या बाजूच्या पत्र्याआड आहे. अशा फ्रिजच्या बाजू गरम होणं हे त्याचं काम चालू असल्याचं लक्षण आहे. मात्र त्याला मागच्या फटीपेक्षा बाजूच्या फटी महत्त्वाच्या. तुमच्या सुताराने बाजूला बोटभरच जागा सोडली असेल तर दोष तिथेच आहे.

खात्री करायची सोपी रीत : फ्रिज एक दिवस कपाटाबाहेर, मोकळ्या जागी चालवा. रात्री काँप्रेसर अधूनमधून थांबू लागला तर फ्रिज ठणठणीत आहे. बाहेरही थांबत नसेल तर मग मेकॅनिक.

आता फ्रिजच्या मागचं लेबल वाचा. त्यावर हवामानाचा वर्ग एक-दोन इंग्रजी अक्षरांत दिलेला असतो. ‘एन’ म्हणजे भोवतालची हवा ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत, ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत. इथे भोवतालची हवा म्हणजे खोलीची नाही, फ्रिजला प्रत्यक्ष लागणारी, कपाटातली. मे महिन्यात तुमच्या खोलीत ३८ असतील आणि बंद कप्प्यात त्यावर ७-८ अंश चढले तर ‘टी’ वर्गाचाही फ्रिज हात टेकतो. एक साधा थर्मामीटर कप्प्यात फ्रिजच्या मागे आणि दुसरा खोलीत ठेवा. दोघांत ५ अंशांहून जास्त फरक पडला तर हवा खेळत नाही, असा आमचा ठोकताळा आहे.

दुरुस्ती : ६० मिमीच्या होल-सॉने पाठीला भोकं पाडा. एका भोकाचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौ. सें.मी., म्हणजे २०० साठी ८ भोकं लागतात. आठ खाली, तळापासून हातभराच्या आत, आणि आठ अगदी वर. पाठ भिंतीला चिकटलेली असेल तर ही भोकं भिंतीकडेच बघत राहतील, तेव्हा युनिट ५ सें.मी. पुढे ओढा. माथाही मागच्या कडेला ८-९ सें.मी. कापा. फ्रिज आत असताना ड्रिल अजिबात चालवायचं नाही. हल्लीच्या बहुतेक छोट्या फ्रिजमध्ये आर-६०० ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो २०-४० ग्रॅमच असतो, पण ज्वालाग्राही आहे, आणि त्याची नळी नेमकी कुठून गेली आहे हे बाहेरून दिसत नाही.

एवढ्यानेही फरक ५ अंशांखाली आला नाही तर काँप्युटरमध्ये असतो तसा १२० मिमीचा, १२ व्होल्टचा पंखा वरच्या फटीवर हवा बाहेर फेकेल असा बसवा. तो दोन-तीन वॅट खातो. आत हवा फुंकणारा पंखा लावू नका, तो फ्रिजमागची धूळ उडवून काँप्रेसरवर बसवतो.

आणि तुमच्याकडे कूलर असेलच. त्याचा झोत कपाटावर थेट येऊ देऊ नका. गार वाटतो खरा, पण ओल्या हवेने दोन उन्हाळ्यांत सनमायक्याच्या कडा सुटतात.

प्रश्न : कपाटाच्या आतून थर्माकोल लावला तर थंडावा टिकून वीज वाचेल का?
— जळगाव

उत्तर : नाही, उलटं होईल. थंडावा टिकवणारा फोम फ्रिजच्या भिंतीत आधीच भरलेला असतो. त्याच्या बाहेर थर्माकोल लावणं म्हणजे फ्रिजने बाहेर टाकलेल्या उष्णतेला गोधडी पांघरणं.

प्रश्न : समुद्रापासून पाच मिनिटांवर घर आहे. आधीचं फ्रिजचं कपाट एका पावसाळ्यात खालून फुगलं, बिजागऱ्या गंजल्या. फ्रिजच्या बाहेरूनही पाण्याचे थेंब ओघळतात. आता कोणतं लाकूड घ्यावं?
— रत्नागिरी

उत्तर : खालून फुगलं म्हणजे बहुधा ते पार्टिकल बोर्ड होतं किंवा साधी एमआर, म्हणजे नुसता ओलावा सोसणारी प्लाय. भुश्याचा बोर्ड एकदा पाणी प्यायला की वाळूनही मूळ जाडीवर येत नाही आणि त्यातले स्क्रू हाताने निघतात. तुमच्याकडे आयएस ७१० चा शिक्का असलेली मरीन प्लाय घ्या. शिक्का शीटवर छापलेला असतो. दुकानदाराच्या तोंडच्या ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर जाऊ नका. पाया आणि जमिनीला टेकणारे तुकडे पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या) बोर्डाचे करा, त्यांना पाण्याने काही होत नाही. मात्र फ्रिजची फळी त्या बोर्डाची करू नका. कायम वजन आणि वर गरम हवा, यांनी ती मधोमध झोळासारखी लवते.

प्लाय पाणी पिते ती कडेतून. जी कड दिसत नाही तीच नेमकी कोरी सोडली जाते. मागच्या फटीकडची, पायाखालची, वायरीच्या भोकाची. सगळ्या कडांना पट्टी मारा आणि जिथे पट्टी बसत नाही तिथे सरसाचे दोन हात. फ्रिजची फळी आणि बाजू यांच्या सांध्यात सिलिकॉनची रेघ ओढा, आणि फ्रिजखाली दोन सें.मी. काठाचा स्टीलचा किंवा प्लास्टिकचा ट्रे ठेवा. छोट्या फ्रिजमधला बर्फ हाताने वितळवावा लागतो, ते पाणी आतल्या ट्रेत मावत नाही आणि रात्रीतून फळीवर उतरतं. बर्फाचा थर करंगळीएवढा झाला की बंद करून वितळवा. चाकूने खरवडायला जाऊ नका.

बाहेरच्या थेंबांची दोन कारणं असतात. एक, दाराचं रबर सैल. कागदाची पट्टी दारात धरून मिटा आणि ओढा. ती सहज निघाली तर रबर बदला. दुसरं म्हणजे जुलैतली दमट हवा, जी गार पत्र्यावर पाणी सोडते. फट अरुंद असली तर ते वाळतच नाही. त्यामुळे कोकणात आम्ही बाजूची फट ५ ऐवजी ७ सें.मी. सुचवू. बिजागऱ्या, स्क्रू आणि चॅनेल ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. बिजागरी स्टेनलेस आणि स्क्रू साधे असा प्रकार फार होतो. मग गंज स्क्रूपासूनच सुरू होतो.

प्रश्न : हॉलमध्ये फ्रिज दिसायला नको म्हणून पुढून शटर लावायचंय. आणि फ्रिज चॅनेलवर ठेवून पुढे ओढता येईल का?
— कोल्हापूर

उत्तर : ग्लासभर पाणी प्यायला दोन दारं उघडायची तुमची तयारी असेल तर शटर लावता येईल. शटरच्या खाली आणि वर पट्ट्यांची जाळी हवी, मागचं धुराडं वेगळं हवंच. नेहमीची बिजागरी १०५ ते ११० अंश उघडते. शटर तिथेच थांबलं तर फ्रिजचं दार त्याला आपटतं आणि आतला ट्रे बाहेर येत नाही. म्हणून १६५ अंशांची बिजागरी घ्या, आणि शटर व फ्रिजचं दार एकाच बाजूला उघडणारी ठेवा. कप्प्याची जाडीही दाराएवढी, म्हणजे ५-६ सें.मी. वाढवावी लागेल.

चॅनेलवर फ्रिज मात्र नको. नेहमीच्या चॅनेलच्या जोडीची क्षमता ३५ ते ४५ किलो असते, पण ती आतल्या बाजूला समान पसरलेल्या वजनाची. भरलेलं दार उघडलं की भार पुढच्या टोकावर येतो. त्यात काँप्रेसरची रोजची थरथर आणि मागे दरवेळी ताणली जाणारी वायर. साफसफाईसाठी वर्षातून दोनदा फ्रिज काढायचा तर दोघांनी उचलून काढावा.

प्रश्न : फ्रिजचं दार उजवीकडे उघडतं आणि उजवीकडेच भिंत आहे. किती जागा सोडू?
— पुणे

उत्तर : दार ९० अंशांत उघडलं म्हणजे काम झालं असं नाही. आतली काच आणि भाजीचा ट्रे ओढायला ते साधारण १२० अंश उघडावं लागतं. फ्रिज रिकाम्या जागेत ठेवा, दार तेवढं उघडा आणि दाराची बाहेरची कड फ्रिजच्या बाजूपासून किती लांब गेली ते टेपने मोजा. त्यात हाताच्या बोटांसाठी २ सें.मी. मिळवा. एवढी जागा मिळत नसेल तर दाराची बिजागरी डावीकडे बदलता येते का पाहा. अनेक छोट्या फ्रिजला वर-खाली दोन्हीकडे भोकं दिलेली असतात, न वापरलेली प्लास्टिकच्या टोपणांनी झाकलेली. बदलण्यापूर्वी फ्रिज बंद करून रिकामा करा. काम करताना तो आडवा करावा लागला तर उभा केल्यावर चार तास थांबून मगच चालू करा, काँप्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं ते परत उतरू द्यायला.

प्रश्न : वरच्या कप्प्यात मायक्रोवेव्ह ठेवू का? आणि एकाच बोर्डावर दोन्ही लावले तर?
— नाशिक

उत्तर : स्वतंत्र फळीवर ठेवा, फ्रिजच्या डोक्यावर नको. २० लिटरचा मायक्रोवेव्ह साधारण १०-१२ किलोचा असतो आणि त्यालाही स्वतःची गरम हवा सोडायची असते. त्याच्या पुस्तिकेतली वरची आणि मागची जागा वेगळी मोजा. तो कप्पा बिनदाराचा ठेवा. त्याची पाठ मागच्या धुराड्यात उघडी सोडू नका, दोघांची गरम हवा एकमेकांच्या अंगावर येईल.

विजेचं म्हणाल तर ७००-८०० वॅटचा म्हणून विकला जाणारा मायक्रोवेव्ह भिंतीतून १०००-१२०० वॅट ओढतो, म्हणजे पाच अँपिअरच्या आसपास. त्यात फ्रिज सुरू होतानाचा झटका. एका स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर दोन्ही लावले की काही महिन्यांत सॉकेट तपकिरी पडतो. मायक्रोवेव्हला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, फ्रिजला ६ अँपिअरचा तीन पिनांचा, अर्थिंग तपासलेला. फ्रिजचा सॉकेट त्याच्या बरोबर मागे घेऊ नका. प्लग आणि बोर्ड मिळून पाच सें.मी. जागा खातात आणि अडीअडचणीला हात पोचत नाही. वरच्या कपाटात एका बाजूला घ्या आणि फळीला ६० मिमीचं भोक पाडा, त्यातून तीन पिनांचा प्लग न कापता जातो. प्लग कापून वायर ओढणारा इलेक्ट्रिशियन आला तर त्याला थांबवा.

प्रश्न : घरात दुसरीकडे जागा नाही. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात देवघर केलं तर चालेल?
— सातारा

उत्तर : आमचा सल्ला नको असाच आहे. मागून सतत गरम हवा वर चढत असते, त्यामुळे समई फडफडते आणि काजळी थेट सनमायक्यावर बसते. प्लायच्या बंद कप्प्यात ज्योत, तीही ज्वालाग्राही वायू असलेल्या यंत्राच्या वर, हे जोडकामच चुकीचं. दुसरा इलाजच नसेल तर कप्पा बिनदाराचा ठेवा, तळाला ग्रॅनाइटचा तुकडा टाका, ज्योत आणि वरची फळी यांत हातभर अंतर सोडा आणि मागची पाठ पूर्ण बंद करा. विजेची समई लावणार असाल तर यातलं काहीच करावं लागत नाही.

प्रश्न : आमच्या होमस्टेच्या चार खोल्यांत हॉटेलसारखे मिनीबार लाकडी कपाटात बसवायचे आहेत. दुकानदाराने ‘बिनआवाजाचा’ फ्रिज दाखवला. घ्यावा का?
— मडगाव

उत्तर : बिनआवाजाचे फ्रिज दोन जातींचे असतात आणि दोन्हींत काँप्रेसर नसतो. पहिला अमोनिया, पाणी आणि हायड्रोजनवर चालणारा ॲब्सॉर्प्शन प्रकार. त्यात एक छोटा हीटर द्रव तापवत राहतो, म्हणून काँप्रेसरच्या फ्रिजपेक्षा तो जास्त उष्णता सोडतो आणि जास्त वीज खातो. त्याला धुराडं लागतंच, आणि तो अगदी समपातळीत हवा. आतला द्रव स्वतःच्या उताराने वाहतो, फ्रिज कलता राहिला तर तो अडतो आणि थंडावा बंद होतो. काँप्रेसरच्या फ्रिजसाठी आम्ही वर पुढचे पाय उचलायला सांगितलं, ते इथे करू नका. कपाटाची फळी पाणसळीने दोन्ही दिशांना तपासा, कारण गोव्यातल्या जुन्या घरांच्या फरशीला उतार असतोच.

दुसरा थर्मोइलेक्ट्रिक. तो भोवतालच्या हवेपेक्षा १५ ते २० अंशच खाली जातो. खोली ३२ अंशांवर असेल तर आत १२ ते १७. पाणी आणि बिअर गार होईल, पण दूध, मासे, शिजवलेलं अन्न ५ अंशांखाली राहायला हवं, ते यात ठेवता येणार नाही. पाहुणा सकाळी खोलीचा एसी बंद करून फिरायला गेला की संध्याकाळपर्यंत आतलं लोणी मऊ पडलेलं सापडेल.

पाहुणे फक्त पेयं ठेवणार असतील आणि फ्रिज उशाशी असेल तर ॲब्सॉर्प्शनवाला घ्या आणि शटरला वर-खाली जाळी द्या. बाकी खोल्यांत साधा काँप्रेसरचा छोटा फ्रिज बरा. तो पलंगापासून दूरच्या भिंतीला, फळीवर रबराच्या चार चकत्यांवर ठेवा. रात्रीचा गुणगुणाट बहुतेक वेळा फ्रिजचा नसतो, त्याच्यासोबत थरथरणाऱ्या सैल फळीचा किंवा भिंतीला टेकलेल्या नळीचा असतो. हात लावून बघा, आवाज थांबला तर तिथे रबर सरकवा.